नकाशावरचा जोडरस्ता

३ मार्च
नवीन वसाहतींचा नकाशा आज माझ्या टेबलावर आला. शहर नुसतं पसरतंय, आणि रस्ते? जाऊन भिंतीवर आपटतात! आमचीच गल्ली — बाजार भिंतीपलीकडे, भाजीवाल्याची हाक घरात ऐकू येते, पण जायचं तर हमरस्त्याने भला मोठा वळसा. बाबांचे गुडघे गेलेत, दम लागतो. तरी पिशवी घेऊन निघतातच. ऐकतील तर शपथ!

५ मार्च
साहेब म्हणाले, "इतके बंद रस्ते वर कसे दाखवू? जोडणी वाढवा." कशी? "आधी कागदावर वाढवा हो!" आमच्याकडे हे नेहमीचंच — होणारा रस्ता झालाच म्हणून दाखवायचा. मीही आमच्या गल्लीतून बाजारापर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढली. काढायचीच तर आपल्या बापासाठी काढू.

८ मार्च
बाबा चहाला आधण येण्याआधी बाजारातून परत! "अगं, मागून छान रस्ता झालाय." दम नाही, काही नाही. मी धावत जाऊन पाहिलं. भिंत. हात लावून पाहिलं. भिंतच!

९ मार्च
म्हटलं, मला दाखवा. हसले. "तू बरोबर असलीस की सापडत नाही बघ."
वाटेत कोण भेटतं?
"कोणी नाही. घरं नाहीत, झाडं नाहीत. सगळं पांढरं. आपलं पाऊलसुद्धा वाजत नाही."
ऑफिसात जाऊन नकाशा उघडला. माझ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना नुसता कोरा कागद.

१२ मार्च
आज खूप उशिरा आले. "रस्ता जरा लांबलाय," म्हणे. चपलांना कणभर धूळ नाही. मला भीती वाटते. जाऊ नका म्हटलं तर — "एवढा सोन्यासारखा रस्ता सोडून वळसा घालू?"

१३ मार्च
ऑफिसात गेल्या गेल्या ती रेघ खोडून टाकली. साहेब ओरडले. ओरडू देत! बाबांना बजावून आलेय, आज घराबाहेर पडायचं नाही. शेजारच्या काकू लक्ष ठेवतील. कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं.

१३ मार्च, संध्याकाळी
काकू म्हणतात, "अगं, तू निघालीस नि मागोमाग तेही गेले की, पिशवी घेऊन."
भिंतीला टेकून लिहितेय. पलीकडे भाजीवाला ओरडतोय. अलीकडे मी. आणि मधून, अगदी कानाशी, बाबा विचारताहेत — "अगं, रस्ता कुठे गेला?"