शेवाळाचं सूप आणि अकरा नंबर

मोठ्या आत्यांना चांग-गिलचा सोलहून कपाळ टेकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? बेटावर वारा सुटला असेल, माकूल मासळी वाळत घालायला स्वतः गच्चीवर चढू नका. मी खुशाल आहे (डावी दाढ सोडून, ते खाली येईल).

आपल्या धाकट्या मी-रानची वाद्यवृंदाची परीक्षा झाली. पोरगी सहाव्या वर्षापासून व्हायोलिन घासतेय, मानेवर कायमचा लाल डाग पडलाय (घरमालकीण मला डोळा मारून विचारते, मुलगा कोण म्हणून). वाद्यवृंदात अठरा वर्षांनी एक खुर्ची रिकामी झाली, अर्ज सत्तर. नाही मिळाली तर व्हायोलिन पेटीत ठेवून बेटावर परत, असं तिनंच ठरवलेलं. तुम्ही दहादा बजावलं होतंत की परीक्षेच्या सकाळी शेवाळाचं सूप नाही, माणूस घसरतो. भोपळ्याची टॉफी द्यायची, म्हणजे पोरगी यादीला चिकटते. शेवाळ दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाला. पण कॅलेंडरातल्या चांद्र तिथीच्या बारीक आकड्यांवर माझं बोट एक घर चुकलं (शाळेत मी आकड्यांशी कधी बोललोच नाही), आणि परीक्षा नि वाढदिवस एकाच दिवशी आले. बाळंतपणात आईनं प्यायलेलं ते सूप वाढदिवसाला नाही म्हणजे गेलेल्या आईला विसरल्यासारखं. मी आईची बाजू घेतली. मी-रान दोन वाडगे प्यायली. वर म्हणते, "दादा, अजून वाढ."

परीक्षेच्या सभागृहात खुर्च्या लावायच्या कामावर मीच होतो. वाजवणारा दिसू नये म्हणून परीक्षक पडद्यापलीकडे, टाचा ऐकू येऊ नयेत म्हणून सतरंजी, आणि बोलायला सक्त बंदी. मी-रान अकरा नंबर. सुरुवात अशी गोड, की मी हातातली खुर्ची खाली ठेवायची विसरलो. आणि मध्येच व्हायोलिनची खुंटी सरकली! तार ढिली, सूर पार कोसळला. कोरड्या हवेत खुंट्या सरकतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त सूप दिसलं. मी ओरडलो, "तिची चूक नाही साहेब, सूप मी केलं होतं!"

पडद्यापलीकडून एक म्हातारा आवाज आला, "शेवाळाचं? आज? अरे गाढवा, घरात कुणी मोठं माणूस नाही का?" (तुमचं नाव मी घेतलं नाही.) हशा पिकला. मग तोच आवाज म्हणाला, "अकरा नंबर, तार लावून घ्या. पहिल्यापासून." या खेपेला ती माझ्यावरच्या रागानं वाजवत होती, आणि आत्या, राग तिला फार शोभतो.

मला कामावरून काढलंय. सध्या फळबाजारात पेट्या उचलतो.

तुमचा, चांग-गिल

ता.क. टॉफीला तिनं हात लावला नाही, बोटं चिकट होतात म्हणे. सगळी मी खाल्ली. दाढेतलं सिमेंट त्यातच गेलं.

आणखी ता.क. वाढदिवस खरं तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी होता, हे तिला ठाऊक होतं. मग प्यायलीस कशाला, विचारलं. म्हणाली, "आईसारखंच खारट झालं होतं."

शेवटचा ता.क. अकरा नंबर पहिल्या फेरीत पास. दुसरी फेरी पुढच्या गुरुवारी, आणि तिला त्या सकाळी तेच सूप हवंय. शेवाळ संपलंय. पहिल्या बोटीनं एक जुडी पाठवा. टॉफी नको.