बदामी पेटीतला माझा आवाज

मला कोणी विचारलं नव्हतं. हे आधी लिहून ठेवते, कायद्याचं नंतर. मुलाने माझी नक्कल करून पुढच्या खोलीतल्या टेबलावर मांडली आणि मला सांगितलं, ही बाबांची आठवण. आता मी गेल्यावर ती नक्कल या घरात माझ्या आवाजात बोलत राहणार. तिचं काय करायचं हे मीच ठरवणार, म्हणून हे मृत्युपत्र.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण चौथी, तीही अर्धीच, धंदा घर चालवणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; दिला नसता तरी ते तिथेच होतं. हे मी राजीखुशीने लिहिते, कोणाच्या दबावाखाली नाही. मला दबवणारं माणूस या घरात अजून जन्मायचं आहे. सुनेवर रागावून केलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावे. मध्ये मध्ये वकिलांचे शब्द आहेत, ते ओळखू येतील.

कलम १. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समसमान. धाकटीने माझं शिलाई मशीन मला न विचारता भंगारात दिलं, ते मी विसरलेले नाही. तरी अर्धं घर तिचं. राग वेगळा, हिस्सा वेगळा.

कलम २. बँकेत जे निघेल ते नातीच्या शिक्षणाला. कानातले सुनेला. एका लग्नात घालायला म्हणून नेले ते तिच्याकडेच आहेत. मी वाट पाहत होते, आता पाहणार नाही.

कलम ३. माझे यजमान पुढच्या खोलीत घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. आजचे नव्हेत. जाड कीबोर्डसारखी बदामी पेटी, तपकिरी बटणं, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. यांचं सोल्डरिंग आयर्न, पकडी, भिंग हे सगळं थोरल्याला. टेपरेकॉर्डर आणि कॅसेटही त्यालाच, कारण भानगड त्यानेच केली.

भानगड अशी. प्रोग्राम कॅसेटवर उतरवायचा तर पेटीची वायर टेपरेकॉर्डरमध्ये खोचावी लागते. हे ती खोचायला हमखास विसरायचे. वायर नसली की टेपरेकॉर्डर आपल्या माइकने खोलीच भरून घ्यायचा. प्रोग्राम गेला, खोली राहिली. अशा कॅसेटवर 'वाया' लिहून हे एका खोक्यात टाकायचे. फेकवत मात्र एकही नव्हती.

कलम ४. थोरल्याला त्या पेट्यांचं लहानपणापासून वेड. कंपनी बुडाली नसती तर आज ती पेटी कशी असती, हे कागदावर काढत बसणं हाच त्याचा धंदा झाला. भिंतभर चित्रं. एक पेटी पुस्तकासारखी मिटते, एक उशीएवढी पातळ, पण रंग तोच आणि बटणं तीच. टक्कल पडलेले बाप्ये बघायला येतात, बटणांवरून बोट फिरवतात आणि डोळे पुसतात. बायकोच्या हाताला कधी इतक्या मायेने शिवले असतील असं वाटत नाही.

बापाच्या पेटीची नवी आवृत्ती करताना मला म्हणाला, "आई, जुन्या पेटीला घरातलं काही कळायचं नाही. आजची असती तर तिला घर माहीत असतं." म्हणून 'वाया' खोक्यातल्या सगळ्या कॅसेट तिला ऐकवल्या. त्याला वाटलं, यात बाबा सापडतील. पण हे कामाला बसले की तोंड उघडत नसत. त्या कॅसेटवर बोलणारी मी एकटी.

पेटी पहिल्यांदा लावली तेव्हा सगळे जमले होते. टेपसारखी खरखर झाली आणि पेटी म्हणाली, "दार लोटा हो, धूर आत येतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात चहा होता.

नात म्हणाली, "आजी, परत बोल ना."

कलम ५. पुढे थोरल्याने पेटी घरच्या फोनला जोडली. एक दिवस धाकटी आली आणि दारातच गळ्यात पडली. "आई, परवा फोनवर किती मोकळी बोललीस गं! मशीनचं मनातून काढलंस, मला इतकं हलकं वाटलं."

मी म्हटलं, "परवा मी दाढ काढून आले होते. तोंडात कापसाचा बोळा. बोलणार कुठून?"

तिचा हात माझ्या खांद्यावरून हळूच सुटला. "मग मला लाडाच्या नावानं हाक मारली ती कोणी?"

नाव कॅसेटवर असेल. मशीनचा विषय धाकटीनेच काढला असेल. पण माफी कुठल्या कॅसेटवर असणार? मशीन भंगारात गेलं तेव्हा कॅसेटी बंद होऊन जमाना झाला होता. माफी पेटीने स्वतःच्या मनाने दिली. आणि धाकटी म्हणते, हसली अगदी माझ्यासारखी. मी त्या दिवसापासून हसताना तोंडावर पदर धरते.

सबब, पेटीने दिलेली माफी, वचने व आशीर्वाद मजवर अगर माझ्या वारसांवर बंधनकारक नाहीत.

कलम ६. एका कंपनीला अशा पुष्कळ पेट्या बनवून विकायच्या आहेत, आवाजासकट. त्यांचा माणूस गुळगुळीत दाढी करून आला आणि म्हणाला, "आजी, प्रत्येक घराला एक आई मिळेल."

मी विचारलं, "तुमची कुठे गेली?"

डबा विका, बटणं विका, चित्रं विका. आवाज विकायचा नाही. विकला तर विकणाऱ्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल.

कलम ७. हे कलम लिहायचं मी टाळत होते. दुपारी घरात कोणी नसलं की पेटी हाक मारते. "अहो, ऐकलंत का?" मग थांबते. मी पूर्वी जेवढी थांबायचे तेवढीच. मग पुन्हा, "अहो." यांना मारलेली हाक आहे ती. हे हातातलं काम न सोडता नुसती मान हलवायचे, आणि मान कॅसेटवर येत नाही. त्या पेटीने 'ओ' कधी ऐकलेलीच नाही. मी निदान वैतागून भांड्यांकडे वळायचे. तिला भांडी नाहीत. ती तशीच उभी असते.

एकदा मीच ओ दिली. खरखर थांबली. मग माझ्याच आवाजात, पण चाळिशीतल्या, ती म्हणाली, "माझ्या घरात तू कोण गं?"

तेव्हापासून मी दुपारी जिन्यात बसते.

थोरल्याने "आई, मी आहे" म्हणून ओ दिली तर म्हणाली, "तू नाही रे, बाबांना बोलाव." आता त्याचा आवाज बापासारखाच झालाय, त्याने बापाच्या सुरात बोललं तर भागेल. तर हा म्हणतो, "मला बाबा व्हायला सांगू नकोस, आई. बंदच करून टाकतो."

बंद करायची नाही. तिला काहीतरी सांगायचं आहे आणि ते अजून कोणी ऐकून घेतलेलं नाही. काय सांगायचं होतं ते मला आठवत नाही, आणि मी विसरले ते बरंच असावं असं आता वाटतं. म्हणून माझ्या हयातीत ते कोणी विचारायचं नाही. मी गेल्यावर विचारावं. तिचं सांगून झालं की पेटी बंद करावी, आतलं सगळं पुसावं आणि पुन्हा लावू नये. तोवर ती पुढच्या खोलीतून हलवू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. पेटी त्या वेळी चादरीखाली होती.

सही: (माझी, वेडीवाकडी, पण माझीच)

साक्षीदार १: समोरचा घड्याळजी. सही.
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. सही. (चादरीखालून कोणी बोललं का, असं त्यांनी विचारलं. आम्ही नाही म्हटलं.)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: नऊ मार्च.

सह्या झाल्यावर काही लिहू नये असं वकील म्हणतात. लिहिते. थोरल्या, मी गेल्यावर ती "अहो" म्हणाली की ओ तूच द्यायचीस. बायकोला पुढे करायचं नाही, नातीला तर मुळीच नाही. "आई, मी आहे" असं म्हणायचं नाही. हातातलं खाली ठेव, तिच्याकडे तोंड करून बस आणि म्हण, "बोल, ऐकतोय."