मधलं फाटक

तांडा, पांढरकवड्याजवळ
१० नोव्हेंबर २०२४

चि. बबितास,
मोठ्या बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला तू आली नाहीस. पोरी दिवे घेऊन दारोदार ओवाळत, मेरा मागत फिरल्या. आपल्या दारात आल्या तेव्हा तुझ्या मोठ्या मायने सवयीने तुझंच नाव घेतलं आणि मग चुलीकडे गेली. तुझ्या भावाने, म्हणजे आमच्या शूरवीर शामने, एक दिवस कापूस वेचला आणि तीन दिवस कंबर धरून बसला. बाकी सगळे खुशाल.

तू फोन करतेस हे मला कळतं, कारण तो खिशात थरथरतो. पण उचलून उपयोग नाही. फेब्रुवारीत दगड लागला तेव्हापासून उजवा कान बंद आहे, डाव्याने अगदी जवळचं तेवढं ऐकू येतं आणि त्याला फोन लावला की आत पिठाची गिरणी चालू होते. नागपूरच्या डॉक्टरांनी आता सुधारणा होणार नाही म्हणून सांगितलं. मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचायला डोळे राजी नाहीत, तेव्हा पत्रच लिहीत जा. आश्रमशाळेत खेळाच्या तासाला मैदान ओलं असलं की मी पत्रलेखन घ्यायचो आणि तू तोंड वाकडं करायचीस. आता भोग.

तुझं क्रीडा व्यवस्थापन म्हणजे नक्की काय, ते मला अजून उमगलेलं नाही. माझं आयुष्य मैदानावर गेलं. चुना, शिट्टी आणि पाण्याचा माठ एवढ्या व्यवस्थापनात आमचं भागत होतं. म्हणजे गेल्या जयंतीपर्यंत भागलं.

येत्या सेवालाल जयंतीला कबड्डीचे सामने होणार नाहीत. आपल्या तांड्याचे नायक नेमसिंग नको म्हणतात, नाल्यापलीकडच्या तांड्याचे नायक पूनमसिंगही नको म्हणतात. गेल्या जयंतीला शेवटच्या चढाईत शामचा दम रेषेच्या एक पाऊल अलीकडे तुटला, तो मी ऐकला आणि त्याला बाद दिलं. तो माझा पुतण्या आहे हे शिट्टी वाजवताना मनात आणायचं नसतं. दगड आला तो आपल्याच बाजूने. मग दोन्हीकडून काठ्या निघाल्या. मी हे बैठकीत उभं राहून सांगितलं, तेव्हापासून आपल्याच तांड्यात मला रामराम घालणारे कमी झाले आहेत.

मला सामन्यांपेक्षा पंगतीचं जास्त वाईट वाटतं. हरलेला तांडा आधी जेवायला बसणार, जिंकलेले वाढणार, आणि जिंकलेला कप्तान पहिली लापशी हरलेल्या कप्तानाच्या पानात घालणार. माझ्या आजोबांनी वाढली, बापाने वाढली, मीही वाढली आहे. दोन घास पोटात गेले की लोक पुन्हा एकमेकांच्या बैलांची चौकशी करायला लागत. ती पंगत एकदा बसलेली बघायची आहे, मग शिट्टी खुंटीला टांगतो. तुझ्या अभ्यासात यावर काही औषध असेल तर कळव.

मोठ्या मायचा तुझ्या गालावरून हात. आठवण ठेव.
तुझा मोठा बाबा,
देवसिंग


पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मोठे बाबांस,
बबिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वर्गात नेऊन वाचलं. शेजारच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला आलेलं पत्र पाहिलं म्हणे. शामला सांगा, कंबर दुखत असेल तर चढाई सोडून विटी-दांडू खेळ.

आम्हाला इथे तिकिटं, जाहिरातदार, दिवे, रुग्णवाहिका, पत्रकारांच्या खुर्च्या असं सगळं शिकवतात. मागच्या आठवड्यात एका मोठ्या कबड्डी स्पर्धेत मला उभं केलं होतं. काम काय, तर सामन्याकडे पाठ करायची आणि प्रेक्षकांकडे बघायचं. कोण उठतंय, कोण बाटली उचलतंय, त्यावर डोळा ठेवायचा. शेवटच्या चढाईला सगळे उभे राहिले आणि मी त्यांच्या चेहऱ्यांवरून कोण जिंकलं ते ओळखत होते. तुमची पुतणी कबड्डीच्या मैदानात असून कबड्डी बघत नाही, हे तुम्हाला सांगायलाही लाज वाटते.

आमच्या मैत्रेयी मॅडम म्हणतात, दोन बाजूंचे लोक एकमेकांत मिसळलेच नाहीत तर मारामारी होणारच नाही. मार्चच्या आत प्रत्येकाने एक खरी स्पर्धा भरवून दाखवायची आहे. मी आपल्या सामन्यांचं नाव दिलं. नाल्यापासून रस्त्यापर्यंत मैदानाला मधोमध बांबूचं कुंपण घालू. मधलं कबड्डीचं अंगण तेवढं मोकळं सोडून त्याच्या भोवती जाळी. येण्याजाण्याच्या वाटा दोन, पाणी दोन ठिकाणी. तुम्ही दोन्ही नायकांशी बोलून बघा. मला गुण हवेत हे खरं आहे, पण तुमची पंगतही हवी आहे.

तुमच्या कानाची फार काळजी वाटते. रागावू नका, पण थंडीत मफलर बांधा.
लेकरावर असाच जीव असू द्या.
आपली,
बबिता


तांडा
२२ डिसेंबर २०२४

चि. बबितास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कुंपणाने काम केलं. मी महिनाभर हात जोडत होतो तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि कुंपण म्हणताच दोन्ही नायक एका बैठकीत तयार झाले. मला आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही. दोन्हीकडची पोरं रोज संध्याकाळी त्याच मैदानावर खेळतात. पण सामने संपले की बांबू काढायचेच आहेत, असं मी मनाला सांगितलं.

पंच मीच हवा, अशी पूनमसिंगांची अट आहे. घरच्या पोराला बाद देणारा माणूस दुसरा कुठे शोधू, असं ते म्हणाले. मी कान दाखवला. तालुक्याचे पंच आपल्या भांडणात यायला तयार नाहीत. शेवटी दोन्ही कप्तानांना समोर बसवून सांगितलं की मला दम ऐकू येणार नाही, ज्याचा तुटेल त्याने आपणहून हात वर करून बाहेर जायचं. दोघांनी माना डोलावल्या. आपल्या कप्तानाने, शामने, तर माझ्या पायाला हात लावला. आमच्या वेळी असंच चालायचं, पंच नुसता साक्षीला असायचा.

तुझी मोठी माय म्हणते, "पोरीले सांगा, कुंपण घालतेस तं घाल, पण मधात एक फाटक ठेव. लापशी काय वरून फेकाची हाय काय?" तिचं म्हणणं मला पटलं.

वाट बघतो आहोत, हे वेगळं लिहायला नको.
देवसिंग


पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. मोठे बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मधल्या फाटकावरून माझं आणि मैत्रेयी मॅडमचं वाजलं. त्यांच्या मते सामना संपल्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा असतो, लोकांना आपापल्या वाटेने घरी जाऊ द्यावं आणि जेवण डब्यातून वाटावं. मी म्हटलं, आमच्याकडे डब्यातून दिलेल्या जेवणाला पंगत म्हणत नाहीत. शेवटी त्यांनी फाटक मान्य केलं, पण त्याला कुलूप हवं आणि ते सगळं शांत झाल्यावरच उघडायचं. किल्ली तुमच्याकडे राहील. मोठ्या मायला सांगा, तिने माझ्या मॅडमला हरवलं.

मी तेरा फेब्रुवारीला पोचते. दुसरीकडे प्रात्यक्षिक असल्यामुळे जयंतीच्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघावं लागेल, पंगतीला थांबता येणार नाही. माझ्या वाटची लापशी तुम्ही खा.

भेटीत पोटभर बोलू. तोवर सांभाळून असा.
बबिता


तांडा
२० फेब्रुवारी २०२५

चि. बबितास, आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं शामकडून कळलं. सामने झाले त्याबद्दल तुझं कौतुक करतो, ते मनापासून आहे. एकही दगड उचलला गेला नाही. तू गळ्यात शिट्टी आणि हातात वायरलेस घेऊन उभी होतीस तेव्हा तुझ्या बापाची छाती केवढी झाली होती. पण तुझ्या पाठीमागे आणि तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, ते मला सांगावं लागतं आहे.

शेवटच्या चढाईला शाम गेला, दोघांना शिवून वळला. परत येता येता मी पाहिलं, तर पलीकडचे खेळाडू त्याला धरायचं सोडून हात खाली टाकून उभे राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी शामकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि रेष ओलांडून उड्या मारू लागला. मला ऐकू आलेलं काहीच नव्हतं आणि त्याचा हात वर गेला नाही. पंचाने जे पाहिलं, ऐकलं तेच द्यायचं असतं. मी आपल्याला गुण दिले आणि आपण जिंकलो.

पलीकडच्यांनी आरडाओरडा केला नाही. ते उठले आणि त्यांच्या वाटेने निघून गेले. तुझी गाडी गेली तेव्हा मी मधलं फाटक उघडत होतो. पंगत मांडली, पानं ठेवली, आपला कप्तान लापशीची बादली घेऊन उभा राहिला. फाटकातून कोणी आलं नाही. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली, मग आपल्याच लोकांनी त्या पानांवर बसून जेवून घेतलं. मोठी माय जेवली नाही. शामचा दम अर्ध्यातच तुटला होता आणि तो साऱ्या मैदानाने ऐकला, हे मला तिनेच सांगितलं.

मी शामला विचारलं. तो म्हणाला, "तुमाले आयकू आलं काय? नाई ना? मंग तुटला नाई." मी त्याला दम धरायला शिकवलं तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. बबिता, मला त्या दगडाने एवढं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पूनमसिंगांकडे गेलो, म्हटलं निकाल फिरवतो, जाहीर माफी मागतो, पंगत पुन्हा मांडू. त्यांनी चहा पाजला, माझ्या डाव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "राहू द्या मास्तर. असंच बरं हाय. पोट्ट्यायचे डोके फुटून नाई राह्यले, अजून काय पाह्यजे?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी बसून समजूत घातली असती.

तुझा दोष नाही, हे लक्षात ठेव.
देवसिंग


पुणे
३० मार्च २०२५

ती. स्व. मोठे बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला धीर होत नव्हता. मी त्या वेळी सामन्याकडे पाठ करून उभी होते. आपल्या बाजूचे लोक एकदम गप्प झाले आणि मग दुपटीने ओरडायला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं आनंद झाला. त्यांनीही दम तुटलेला ऐकला होता, आणि तरी ते ओरडले. शामला फोन केला तर त्याने विषय बदलला आणि नंतर उचलणंच सोडलं.

मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. परीक्षकांनी चित्रफीत बघताना विचारलं की मधलं फाटक कशासाठी होतं. मी सांगायच्या आत मॅडम म्हणाल्या, फाटक असूनही कोणी वापरलं नाही, यावरून नियोजन किती चोख होतं ते कळतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उभी राहून त्या घेतल्या. खाली बसल्यावर रडू आलं.

स्टेडियमची कामं घेणाऱ्या एका कंपनीने मला बोलावलं आहे. दोन संघांच्या प्रेक्षकांना वेगळं बसवणं आणि वेगळं बाहेर काढणं, एवढंच काम. घ्यावं की नाही ते कळत नाही. तुम्ही आधी ते कुंपण उपटायला लावा. माणसं मिळाली नाहीत तर मी सुट्टी काढून येते आणि स्वतः उपटते.

माझ्यावरची माया कमी करू नका, एवढंच मागते.
बबिता


तांडा
२९ जून २०२५

चि. बबितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेरणीमुळे लिहायला उशीर झाला. तू ती नोकरी घे. कोणीतरी ते काम करणारच आहे, आणि तू निदान तहानलेल्या माणसाला पाणी विचारशील.

सुट्टी काढून येऊ नकोस, उपटण्यासारखं आता काही उरलेलं नाही. बांबू काढायला मी गेलो तेव्हा दोन्हीकडचे लोक जमले आणि मला अडवलं. मग दोघांनी मिळून वर्गणी केली, लोखंडी खांब आणले आणि काटेरी तार ओढली. खांब एका तांड्याने पुरले, तार दुसऱ्याने ताणली, चहाही एकत्रच झाला. या वर्षात दोन्ही तांड्यांनी मिळून केलेलं एवढंच काम. तार सरळ जावी म्हणून त्यांनी अंगणाची मधली रेषच धरली. मधल्या फाटकावरूनही तारेचे वेढे दिले आहेत. किल्ली माझ्याजवळच आहे, ती कोणी मागितली नाही.

पुढच्या जयंतीला सामने कोणाशी, असं मी नेमसिंगांना विचारलं. ते म्हणाले, बघू. शाम आता लोहारा गावच्या कारखान्यात कामाला जातो. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण जवळ घेतलं नाही.

शाळा सुरू झाली. संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला जाऊन बसतो, सवय जात नाही. पलीकडे पाच पोरं येतात, आपल्याकडे सहा. सात कुठेच भरत नाहीत. मग एकेक पोरगा उठतो, छाती भरून घेतो, तोंड हलवत तारेपर्यंत धावतो आणि तारेला हात लावून परत येतो. पलीकडेही तसंच चालतं. समोर धरायला कोणी नसतं. कोणाचा दम कुठे तुटला ते मला ऐकू येत नाही, आणि त्यांच्यातला कोणी हात वर करत नाही.

मोठी माय बरी आहे. ती तुझ्या वाटची लापशी काढून ठेवायची म्हणते, मी म्हटलं ती टिकत नाही.

लिहीत जा. माझं लक्ष पोस्टमनच्या सायकलीकडे असतं.
तुझा मोठा बाबा,
देवसिंग