न आलेल्या उत्तराचा नियम

१२ जानेवारी, रविवार
ठरलं म्हणजे ठरलं. आजपासून घरच्या हॉलमध्ये ‘टेक-मॅथ्स’ कोर्स सुरू. बारावीचं गणित आणि इंजिनिअरिंगचं गणित यांच्यामध्ये जो खड्डा आहे, तो बुजवायचा. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवतोय, माझ्याशिवाय कोण बुजवणार?

नऊ मुलं आली. त्यातली एक आमचीच पोर, प्रियदर्शनी. तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात ऑटोमेशन अँड रोबोटिक्स हवंय. दुसरं काही नको म्हणते. आठवीत तिने बंद पडलेला मिक्सर खोलून चालू केला. तेव्हापासून घरात काही बिघडलं की माझ्याकडे कोणी बघत नाही.

पहिल्या दिवशी एकच गणित चार रीतींनी सोडवून दाखवलं. मुलं अवाक. पृथ्वीराज झोपला होता, पण तो पहाटे तालमीत जातो, दमला असणार.

१९ जानेवारी, रविवार
सीईटीसारखी, चार पर्यायांच्या पन्नास प्रश्नांची टेस्ट घेतली. पृथ्वीराजला प्रियदर्शनीपेक्षा जास्त मार्क. पेपर पुढे घेऊन विचारलं, ही रीत कुठली? म्हणाला, “सर, रीत न्हाय. आलं न्हाय की सी मारायचं. सीवर लई विश्वास हाय माझा. निगेटिव्ह मार्किंग कुठं हाय?”

सगळा वर्ग हसला. प्रियदर्शनीसुद्धा.

मी म्हणालो, चौकात पोलीस नाही म्हणून सिग्नल तोडायचा का? कोणाकडे उत्तर नव्हतं. पृथ्वीराजकडे होतं, पण मी त्याला बोलू दिलं नाही.

२० जानेवारी
सकाळी प्रियदर्शनीला घेऊन बस्तीत, आमच्या जैन मंदिरात गेलो. दर्शन झाल्यावर मला एकदम सुचलं. न दिलेलं घेणं ही चोरी, हे आपल्यात लहान पोरालाही शिकवतात. मग न आलेल्या उत्तराचा मार्क घेणं म्हणजे काय? तोच प्रकार. पार्श्वनाथांसमोर तिला नियम दिला: सीईटी होईपर्यंत अंदाजाने एकही उत्तर मारायचं नाही. दोन पर्यायांवर आलं तरी नाही.

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग हात जोडून ‘हो’ म्हणाली.

तिला एकटं वाटू नये म्हणून मीही नियम घेतला. सीईटीपर्यंत चहा बंद.

येताना फार प्रसन्न वाटलं. इतका सुंदर विचार गणिताच्या कुठल्या शिक्षकाला सुचला असेल असं वाटत नाही.

२ फेब्रुवारी
नऊपैकी चार विद्यार्थी गेले. मोबाइलवरचा कुठला तरी क्लास लावलाय म्हणे, तिथे शॉर्टकट शिकवतात. जाऊ देत. गर्दी कमी झाली, क्वालिटी वाढली.

चहा सुटल्यापासून डोकं धरतं. बायकोकडून, राजमतीकडून, आल्याचा काढा करून घेतो. त्यात दूध, साखर आणि चवीपुरती पावडर. ती म्हणाली, अहो, याला चहाच म्हणतात. मी म्हणालो, हेतू बघावा. हेतू औषधाचा आहे.

२३ फेब्रुवारी
काल बोर्डाचा गणिताचा पेपर झाला. प्रियदर्शनीने प्रत्येक पायरी लिहिली, शेवटी चौकटीसुद्धा केल्या. बघा म्हणावं रीत काय असते ते! आता सीईटी म्हणजे हातचा मळ.

२३ मार्च
सराव परीक्षा. प्रियदर्शनीने जेवढे सोडवले तेवढे सगळे बरोबर. एकही चूक नाही, माझे डोळे भरून आले. निम्म्याहून जास्त कोरे आहेत, पण स्पीड काय, येतो.

राजमती भाकरी करता करता म्हणाली, तुम्ही तिचा नियम सोडवा की. तुम्ही दिलाय, तुम्हीच सोडवायला पाहिजे. ती आपणहून सोडायची नाही, माहीत आहे तुम्हाला.

माहीत आहे. पाचवीत पर्युषणात एकदा तिने रात्री पाणी न पिण्याचा नियम घेतला होता. ताप चढला तरी ओठ उघडले नाहीत. त्या वेळी मी गल्लीभर सांगत फिरलो होतो.

राजमतीचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण लगेच सोडवला तर पृथ्वीराज वर्गात काय म्हणेल? महावीर जयंतीला सोडवतो. दिवसही चांगला आहे.

१० एप्रिल, महावीर जयंती
मिरवणूक छान झाली. बस्तीच्या पायरीवर प्रियदर्शनी शेजारीच उभी होती. आता सांगू म्हणून वळलो, तेवढ्यात समाजातली मोठी मंडळी आली. पोरीची तयारी कशी आहे विचारलं. माझ्या तोंडून नियमाची गोष्ट निघून गेली. सगळे थक्क. एक आजोबा म्हणाले, मगदूम सर, पोटाला यावी तर अशी पोर यावी. चारचौघांत तिच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

आता त्याच पायरीवर उभं राहून ‘तो नियम सोड’ कसं म्हणायचं? घरी गेल्यावर सांगू ठरवलं. घरी पाहुणे होते.

ती हुशार आहे. न सांगता समजून घेईल.

२१ एप्रिल
उद्या सीईटी. आज काहीही झालं तरी सांगायचंच.

संध्याकाळी कळंबा तलावाकडे फिरायला घेऊन गेलो, त्याचसाठी. बांधावर बसलो. मी आधी नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पट्टीत कसे आणतात ते समजावलं, मग दोन सूत्रं विचारली. तिला दोन्ही आली. मग तीच म्हणाली, “पप्पा, उद्या नाहीच आलं तर?”

इतका सोपा प्रश्न होता. नुसतं ‘मारून ये’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, येईल. तुला सगळं येतं.

ती उठून कपड्यांची माती झटकायला लागली. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिक्षकाने रीत बदलू नये, मुलं गोंधळतात. हे मी बरोबरच केलं असं मला वाटतं.

२२ एप्रिल
सेंटर हातकणंगलेच्या बाजूला. उशीर नको म्हणून एक सिग्नल तोडावा लागला. चौकात कोणी नव्हतं.

गेटवर पृथ्वीराज वडा खात उभा होता. त्याचा नंबर तिच्याच हॉलमध्ये. प्रियदर्शनीने माझ्या पाया पडून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी पाण्याची बाटली दिली.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, बरा गेला. म्हणजे मारले असणार. नक्कीच मारले असणार. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं.

सुटलो. गाडीतळावरच कपभर कडक चहा घेतला. आज नियम संपला.

१६ जून
निकाल. पुण्याच्या त्या ब्रँचला जेवढे पर्सेंटाइल लागतात, त्याच्या पुष्कळ खाली. फिजिक्स-केमिस्ट्री ठीक, गेलं ते गणितात. माझ्या विषयात.

आमची शिफ्ट अवघड होती. नॉर्मलायझेशनमध्ये अन्याय झालाय. सेंटरवर लाइटचाही काहीतरी घोळ झाला असावा. उद्या सीईटी सेलला मेल करणार आहे.

राजमती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. प्रियदर्शनीने शांतपणे जेवण वाढलं.

१७ जून
पृथ्वीराज पेढे घेऊन आला. मेकॅनिकल नक्की मिळेल म्हणतो. प्रियदर्शनी घरी नव्हती. मी नॉर्मलायझेशनबद्दल बोलायला लागलो तर तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, रागवू नगासा. माझ्या म्होरल्याच रांगेत बसलीती. येतंय तेवढं सोडवलं अन् ऱ्हायलेला वेळ हात मांडीवर ठिवून बसली. सुपरवायझर येऊन इचारतोय, माउस चालंना काय?”

मी मेलचा कच्चा कागद उलटा ठेवला.

“बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं सी मारायचं की! म्हणाली, पप्पांनी सोडवला न्हाय.”

पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवून तो गेला. मेल पाठवला नाही.

१८ जून
प्रियदर्शनीला गच्चीत गाठलं. म्हणालो, तुझा नियम सोडवतो. काय बोलतोय हे माझं मलाच कळत नव्हतं. ती म्हणाली, “तो परीक्षा झाली तेव्हाच संपला की, पप्पा.” रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

विचारलं, वर्षभर थांबून परत देतेस? नको म्हणाली. दुसरी ब्रँच? तीही नको. इथेच बीएस्सीला जाते म्हणाली. मॅथ्स घेऊन. तुमच्यासारखं शिकवीन.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. पोरीचं वाटोळं मी केलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

२० जुलै, रविवार
यंदा कोर्स घ्यायचाच नाही असं ठरवलं होतं. पण मुलं दारात आली, पालक आले, नाही म्हणवेना. आतल्या खोलीत प्रियदर्शनी आठवी-नववीच्या पोरांना घेऊन बसते. आवाज येतो. बरं शिकवते. एकच गणित चार रीतींनी सोडवते.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, सीईटीला एखादं न्हाईच आलं तर काय करायचं वो?”

खडू हातात होता. उत्तर मला माहीत होतं, सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. म्हणालो, निगेटिव्ह मार्किंग नाही. काहीतरी मारून यायचं. कोरा एकही सोडायचा नाही.

मुलं हसली. मी वळलो तर दारात प्रियदर्शनी. डस्टर न्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी हातातला खडू ठेवून दिला. मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तेव्हा तीच पुढे आली. टेबलावरचं डस्टर उचललं आणि मुलांना म्हणाली, “सर बरोबर सांगताहेत. लिहून घ्या.”

मुलांनी लिहून घेतलं.