न मिळाल्याची साक्ष

बाबा,

तुमच्या जावयांना, ज्यांना तुम्ही कधी पाहिलंच नाही, नाताळाच्या आधी लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, मग शंकर नगरला ऑफिस, संध्याकाळी पुन्हा तेच. थकले आहे मी. आई असती तर तिच्याजवळ कुरकुर केली असती, पण तीही गेली. जेवणाआधी डोळे मिटते, ‘हे देवबापा’ म्हणते आणि पुढे काही सुचत नाही. वरण मात्र गार होतं.

चर्चमध्ये दर रविवारी अजूनही साक्षी होतात. एकेक जण उठतो, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, बाकीचे आमेन म्हणतात. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची बदली रद्द झालेली असते. शेजारी बसणाऱ्या बाई मला कोपरानं ढोसतात, "दीदी, आप भी गवाही दो ना. भैया में कुछ तो फरक होगा?" मनानं चांगल्या आहेत हो, पण फरक मी कुठून आणू? मला त्यांचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर देवाचाही येतो.

मग तुमचा तो रविवार आठवतो. तुम्ही कामाला होतात तो सिलतऱ्याचा कारखाना बंद पडून बरेच महिने झालेत, आई वरणात पाणी वाढवते आहे. साक्षीच्या वेळी तुम्ही इस्त्रीच्या शर्टात उठता आणि मला वाटतं, लागली बाबांना नोकरी, आम्हालाच सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणता, "काम माँग रहा हूँ, अभी तक मिला नहीं. बस, इतना ही बताना था." आणि बसता. आमेन कुणीच म्हणत नाही. पास्टर घाईघाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगतात. घरी येताना आई भडकली होती, "काहून उठले तुम्ही? पोट्टीची मान खाली गेली." तुम्ही सायकल ढकलत म्हणालात, "ज्यायले मिळालं त्यायनं सांगितलं. आपल्याले नाही मिळालं, ते मी सांगितलं. रुसून घरी तर नाही बसलो न?" कारखाना पुढे उघडलाच नाही. तुम्ही पंडरीच्या कापडबाजारात हमाली करून गठ्ठे उचललेत, पण चर्च चुकवलं नाही.

गेल्या रविवारी मी उठले. शेजारच्या बाईंचा चेहरा खुलला. मी म्हणाले, "इनकी तबीयत वैसी ही है. मैं थक गई हूँ. माँग रही हूँ, अभी तक मिला नहीं." आणि बसले. आमेन याही वेळी कुणी म्हटलं नाही. बाईंनी मात्र माझा हात धरला तो गीत संपेपर्यंत सोडला नाही. मला रडू आलं, मी आवरलंही नाही.

पण बाबा, मी चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलले. तुम्ही खरंच मागत होतात. मी मागितलेलंच नाही. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. देवच नाही म्हणाला तर मग कुणाकडे जाऊ, ही भीती वाटते. हे तुम्हाला सांगणं सोपं गेलं, कारण तुमच्याकडून उत्तर यायचं नाही. ताट समोर वाढून ठेवलं आहे. हा कागद बाजूला ठेवते आणि आज त्याच्याकडे मागून पाहते. वरण पुन्हा गरम करता येईल.