झाडाखालचं मोंडो ग्रास

४ मार्च

लॉन मेलं. पुन्हा! मागच्या अंगणातल्या मोठ्या झाडाखाली काही म्हणजे काही टिकत नाही. उघडी माती आणि तिच्यावर पानांचा कचरा. नाना — माझे सासरे — खिडकीतून बघत म्हणाले, "सिमेंट ओतून टाका, कटकट मिटेल." नानांच्या मते जगातल्या प्रत्येक अडचणीवर सिमेंट हाच इलाज.

नाही ओतणार.

६ मार्च

नर्सरीवाल्या बाईंनी आधी मला झापलं. "इतक्या सावलीत लॉन? बिचाऱ्याचा जीव घेतलात!" मग पाण्याच्या पाइपमागून एक ट्रे ओढून काढला. मोंडो ग्रास. गडद हिरवी, बारीक, वाकलेली पानं, जणू कुणी केस विंचरून ठेवलेत. म्हणाल्या, "नाव गवताचं, पण हे गवत नव्हे. कापायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. फक्त घाई करायची नाही. अंगण भरायला दोनेक वर्षं घेतं."

रात्री ह्याला सांगितलं तर हा म्हणतो, "दोन वर्षांनी आपण कुठे असू कोण जाणे!" लोकांकडचे वॉटर प्युरिफायर दुरुस्त करून करून नवरा हल्ली तत्त्वज्ञानी झालाय. सहासात महिन्यांपासून असाच. बोलता बोलता मध्येच हरवतो.

९ मार्च

कंबर गेली कामातून! पण लावून झालं. एकेका गड्ड्याचे तीन-चार वाटे केले. त्यासाठी लॅबमधली जुनी मेणाची सुरी वापरली, जिने मी एरवी कवळ्यांचं मेण कापते. मोठ्या मुळांना धक्का न लावता मधल्या मधल्या मातीत वीतभर अंतरावर रोपं. पानं जिथे फुटतात तो गळा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर कुजतं. बाईंनी दहादा बजावलंय.

नाना आले, पाहिलं, म्हणाले, "टक्कल पडलेल्याने केस रोवून घेतल्यासारखं दिसतंय." अगदी खरं आहे. हसू आवरेना.

२ एप्रिल

नवं पान! एकच. पण नवं!

२१ मे

पूर्वेकडची अख्खी ओळ गायब!!

उपटलेली नाही — काढलेली. खड्डे नीट बुजवलेले, वर पालापाचोळा पसरलेला. मी तिथेच मटकन बसले. नाना म्हणाले, "उंदीर." म्हटलं, "उंदीर खड्डे बुजवून जातात का, नाना?"

हा उठला. चहा तसाच टाकून कामाला गेला.

३ जून

घरातलं सगळं तसंच पडलंय. तरी लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी जरा लवकर उठले. मागचं दार उघडं. आणि झाडाखाली गुडघ्यांवर बसलेला — हा! हातात माझी मेणाची सुरी, शेजारी कामाची बादली, बादलीत माझी रोपं. ज्याने जन्मात कुंडीला पाणी घातलं नाही, तो माणूस गड्डा कसा जपून सोडवत होता!

"काय करतोयस?"

दचकला. पांढराफटक पडला.

"कुणासाठी नेतोस ही?"

त्याने सुरी बादलीत ठेवली.

"बाई आहे का कुणी?"

वाटलं आता चिडेल, हसेल, काहीतरी करेल. तर हा खाली बघत म्हणतो, "हो. बाई आहे." मग म्हणाला, "चल. दाखवतो."

गाडीत बसले. पायांत बादली. मनात त्या बाईला चार चेहरे देऊन झाले, चारही माझ्यापेक्षा देखणे. गाडी थांबली ती उंच इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्याच्या खोल्यांपुढे. पुढे भिंत, ऊन कधी येत नसावं. दार उघडलं एका म्हातारीने. पिकलेले आखूड केस, चष्मा, हातात कात्री.

"आई," हा म्हणाला.

मी मागे वळून बघितलं. कोण आलं म्हणून!

"कुणाची आई?"

"माझी."

ह्याची आई गेलेली आहे. लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं — हा सहा वर्षांचा असताना दवाखान्यात गेली, परत आली नाही. घरात तिचा साधा फोटोही नाही. नानांना त्रास होतो म्हणून मी कधी विषय काढला नाही. आणि ती बाई माझ्यासमोर उभी राहून विचारते, "साखर किती घेतेस गं?"

मी नुसती तिच्या दातांकडे बघत होते. धंद्याची सवय. उजवीकडचा सुळा आत वळलेला आणि शेजारच्या दातावर जरासा चढलेला. ह्याचा तस्साच आहे. माझ्या लेकीचाही. मला आणखी कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

४ जून

लॅबमध्ये कवळीचे दात उलटे बसवले. वरचे खाली! सगळे हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

किती शांतपणे लपवलं ह्याने! म्हणतो, "मलाच खरं वाटत नव्हतं, तुला काय सांगू?" तिच्या शेजारणीचा प्युरिफायर दुरुस्त करायला गेला होता. ही तिथे बसलेली. ह्याच्या कानाच्या फाटलेल्या पाळीकडे बघत राहिली, म्हणे. मग विचारलं, "दारात सापडला होता ना कान? तीन वर्षांचा होतास."

७ जून

एकटीच गेले. का गेले, ठाऊक नाही. ह्याला सांगितलंही नाही.

भिंतीलगत आमची रोपं. निम्मी पिवळी पडलेली. "माझ्या हाताला यशच नाही," त्या म्हणाल्या. मी खाली वाकून बघितलं. "अहो, गळ्यापर्यंत पुरलंत! त्यांना श्वास कसा येणार?"

"नर्स होते मी. माळीण थोडीच!"

दोघी मातीत बसलो. एकेक गड्डा उचलायचा, कुजलेलं मूळ कापायचं, पुन्हा वर बसवायचा. त्यांचे हात भराभर चालतात. हात चालता चालता बोलल्या, माझ्याकडे न बघता.

नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. दुसऱ्या गावी, दवाखान्यातच राहून शिकायचं. नाना म्हणाले, दाराबाहेर पाऊल टाकलंस तर मेलीस असं समजेन. "मला वाटलं, रागात बोलतायत. सुट्टीत आले तर दारातूनच सांगितलं, पोराला तू गेलीस म्हणून सांगितलंय, आता भूत होऊन येऊ नकोस. पुढच्या वेळी आले तर घर सोडून गेलेले, दाराला दुसऱ्यांचं कुलूप."

दवाखान्यात गेली, परत आली नाही. शब्द न् शब्द खरा की हो, नाना!

मी विचारलं, "राग नाही येत?"

"येतो की. पोराला बघितलं की जास्त येतो. मिशा फुटलेलाच भेटला मला." आणि रोपाच्या बुडाशी माती दाबत राहिल्या. फार दाबली. मी हात धरला, "हलकेच. हलकेच, आई."

आई म्हटलं! माझं मलाच कळलं नाही.

१२ जून

नाना समोर बसून जेवतात, मीठ मागतात, लेकीची थट्टा करतात. तोच माणूस! माझ्या बाळंतपणात रात्ररात्र नातीला खांद्यावर घेऊन फिरलेला. मी बघत राहते. ह्या माणसाने हे केलं?

हा म्हणतो, "नको सांगूस. ह्या वयात सोसायचं नाही त्यांना."

आणि तिने सोसलं ते?

१५ जून

सांगून टाकलं.

ठरवलं नव्हतं. नाना जेवताना म्हणाले, "बागेत पुन्हा भोक पडलंय. कुणाला वाटतेस गं रोपं?"

"आईंना," म्हटलं.

"तुझ्या आईकडे कुठे अंगण आहे?"

"माझ्या नाही. ह्याच्या."

चमचा हातातच राहिला. हा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. नाना फार हळू म्हणाले, "ती गेली."

"परवा मला चहा दिला त्यांनी."

मला वाटलं ओरडतील, ताट भिरकावतील, निदान कोसळतील. मी उठून पाणी आणायच्या तयारीत. नानांनी ताट पुसून स्वच्छ केलं, उठले, हात धुतले, खोलीत गेले. दार लावून घेतलं.

कडी लावल्याचा आवाज आला.

१६ जून

नाना खोलीतून बाहेर येत नाहीत. खोलीत ताट नेऊन ठेवते, अर्धं परत येतं. लेक विचारते, "आजोबा रुसलेत का?" काय सांगू!

१७ जून

आज दारातून एवढंच विचारलं — "तिला दिसतं का अजून नीट? डोळे नाजूक होते तिचे."

चष्मा आहे म्हटलं. दार पुन्हा बंद.

१९ जून

सकाळी नानांची खोली रिकामी. चपला नाहीत. अंगण, रस्ता, दुकानं, सगळं पालथं घातलं. हा पोलिसांना फोन लावत होता, तेवढ्यात माझा वाजला. आई.

"तुझे सासरे आलेत. फाटकाशी उभे आहेत."

"पत्ता कुणी दिला त्यांना?" मी ओरडलेच. मी नव्हता दिला. ह्यानेही नाही.

"तेच विचारलं मी. म्हणाले, तू कुठे असतेस ते पहिल्यापासून ठाऊक होतं." मग आवाज अगदी खाली आला — "काय करू गं? घेऊ आत?"