टेकवाडी बेटाचा शिक्का

९ सप्टें.
धरण भरलं, टेकवाडीचं पुन्हा बेट झालं. लाँचने गेलो. पोस्ट म्हणजे धोंडूभाऊंच्या पडवीतलं टेबल, काटा आणि शिक्का. मार्चनंतर शाखा बंद म्हणे. बेटाच्या टपालाचा इतिहास एवढी वर्षं जमवतोय. नकाशे आहेत, होडीतल्या थैलीचा फोटो आहे. शिक्का उठलेलं एकही कार्ड नाही! कोऱ्या कार्डावर मारून मागितला. भाऊ म्हणाले, "रिकाम्या कारडावर न्हाई मारत, सर. लिवन्यासारखं काय घडलं की धाडतो." अडेलतट्टू माणूस. त्यांची आई, ठकूबाई, हसत होती. "कागदं गोळा करून पोट भरतं व्हय रं?" भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. निघताना, "लवकर ये. पुढच्या बारीला मासं." हो म्हणालो.

१८ सप्टें.
कळंब, मंचर. टेकवाडीच्या लेकी दिल्या आहेत ती घरं पालथी घातली. चहा सगळीकडे, कार्ड कुठेच नाही. शेवटी एका आजींनीच सांगितलं, "कारड यायचं की. पन वाचलं की दारातच फाडायचं. मरनाचं कारड घरात कोन ठेवतंय, पावनं?"
मग लग्नाची, बारशाची?
"त्याला मानूस येतं, अक्षता घिऊन. सुतकात कोन भाईर पडंल? म्हून कारड."
म्हणजे बेटाचं टपाल हे असं. सगळं दारादारांत फाटून गेलेलं. मी आपला कपाटं उघडायला लावत हिंडतोय. फार वाईट वाटलं.

४ ऑक्टो.
पुण्याच्या प्रदर्शनाची पानं लावतोय. मधलं पान मोकळं ठेवलंय. सौ. म्हणाली, "म्हातारीनं बोलावलंय ना, जाऊन या." जाऊ. एवढी पानं झाली की.

२२ ऑक्टो.
फ्रेमवाल्याकडे दिवस गेला. टेकवाडी पुन्हा राहिली.

५ नोव्हें.
दुपारी कार्ड आलं. शिक्का! गोल, काळाभोर, अक्षर न् अक्षर उठलेलं. आत धावलो, भिंग काढलं, खिडकीशी धरलं, सौ.ला हाक मारली. केवढा आनंद. मग उलटून मोठ्याने वाचलं.
'सर, आमची आई वारली. सरांचं मासं राहिलं म्हणत होती. सहा तारखेला दहावा. लिहिण्यासारखं घडलं म्हणून धाडतोय.'
सौ. उंबऱ्यावरच थांबली. "अहो, आत कशाला आणलंत? फाडा ते."
आधी शिक्का पाहिला. लाज वाटते.

६ नोव्हें.
दहाव्याला गेलो. पाण्याच्या कडेला पिंड ठेवला, कावळा शिवेना. नातवंडांना सांभाळू, म्हैस विकणार नाही, सगळं कबूल करून झालं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हात जोडून म्हणालो, "ठकूबाई, मासे खायला येतो." थोड्या वेळाने शिवला. योगायोग असेल. रडू मात्र आवरलं नाही.
परतताना लाँचपाशी भाऊंनी विचारलं, "कारड फाडलं न्हवं, सर?"
कार्ड खिशातच होतं. मान हलवली. कशी, ते आठवत नाही.
आता ओट्यावर बसून लिहितोय. मधलं पान अजून मोकळं आहे. सौ. जेवायला बोलावतेय. कार्ड हातात आहे, म्हणून आत जात नाही.